धोकादायक काम (कसं ठरवतात)

मशीन, रसायन, उंची, धूळ किंवा वजन यांच्यामुळे ज्या कामात इजा व्हायची, आजार जडायची शक्यता जास्त, ते धोकादायक काम. मुलांना कुठं ठेवायचं नाही आणि मशीनला गार्ड, मास्क, तपासणी कुठं सक्तीची, हे दोन्ही यावरूनच ठरतं.

कल्पनेचा उगम कुठं, यावर एकमत नाही. काहीजण १७७५ पर्यंत मागं जातात, तेव्हा लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला, आणि हे काम पोरं लहानपणापासून करायची. आपल्याकडं बहुतेक जण १८८१ चा फॅक्टरी कायदा सांगतात, पण तो १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरता होता आणि मुलांबाबत भर किमान वयावर (७ वर्षं!) आणि तासांवर होता, कुठलं काम जास्त घातक याची वर्गवारी त्यात नाही. त्या मानानं मुलांना कामावर ठेवण्याबाबतचा १९३८ चा कायदा जास्त पटतो. विडी वळणं, गालिचे विणणं, काडेपेटी-फटाके, कातडी कमावणं अशी कामांची यादीच त्याला जोडलेली, आणि तिथं १२ वर्षांखालच्यांना बंदी.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात 'धोकादायक प्रक्रिया' ही व्याख्या आली. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ खालच्यांना जवळपास सगळीकडं आणि १४ ते १८ मधल्यांना धोकादायक कामात बंदी झाली. धोकादायक कामांची यादी मात्र १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रियांवरून तीनवर आली, २०१७ मध्ये परत वाढवली.

यादी लागतेच, पण नुसत्या यादीवर भागत नाही, काम प्रत्यक्ष उभं राहून बघावं लागतं. पुण्याजवळच्या भोसरीत, पत्रा दाबून आकार देणाऱ्या छोट्या प्रेस शॉपमध्ये डाव्या हातानं पत्रा डायखाली (साच्याखाली) सरकवायचा आणि पायानं पेडल दाबायचं. प्रेसची हालचाल सोडणारा-थांबवणारा क्लच झिजलेला असला की पाय काढला तरी प्रेस परत खाली येते आणि बोटं आतच असतात. म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं किंवा पुढं जाळी. कारखाना कायद्याखाली हायड्रॉलिक सोडून बाकी पॉवर प्रेस तरुण (१८ खालच्या) कामगारांसाठी धोकादायक मशीनमध्ये मोडायच्या, पुरतं ट्रेनिंग आणि देखरेख असल्याशिवाय त्यांना तिथं उभं करता यायचं नाही.

बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार (१९९९) भारतानं १३ जून २०१७ ला स्वीकारला. सोबतच्या शिफारशीत जमिनीखालचं, पाण्याखालचं, उंचावरचं, बंदिस्त जागेतलं आणि रात्रीचं काम असे निकष दिलेत. ते व्यवसायाच्या नावावर अडत नाहीत, हे फार महत्त्वाचं.

कुटुंबाच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत चालते, धंदा धोकादायक नसला तर. पुण्याच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर ही रेषा सापडतच नाही. उचल आई-बापानं घेतलेली, मजुरी हजार विटांवर, आणि कच्च्या विटा उन्हात उलटवणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं नाव कुठल्याच हजेरीत नसतं.