एव्लिया चेलेबीची ‘पहिली आवृत्ती’: लंडनची की इस्तंबूलची?

जुन्या पुस्तकांच्या यादीत ‘एव्लिया चेलेबी, पहिली आवृत्ती’ असं दिसलं की आधी साल आणि भाषा बघावी. त्या एकाच नावाने दोन अगदी वेगळी पुस्तकं विकली जातात.

एव्लियाचा जन्म १६११चा, इस्तंबूलमधला. सुमारे चाळीस वर्षं तो ऑटोमन मुलखात आणि त्यापलीकडे हिंडला आणि त्याने दहा खंडांचं ‘सेयाहतनामे’ हे प्रवासवर्णन लिहिलं. हस्तलिखित कैरोत पडून होतं. ते १७४२ मध्ये इस्तंबूलला आलं आणि मग त्याच्या नकला होऊ लागल्या.

लंडनचं पुस्तक म्हणजे योझेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन पंडिताचं इंग्रजी भाषांतर. त्यावर लेखकाचं नाव ‘एव्लिया एफेंदी’ असं आहे. ग्रंथ चारच खंडांचा आहे अशी हामरची समजूत होती आणि त्यातले पहिले दोनच इंग्रजीत आले. तेही रखडत: पहिल्या खंडाचा पूर्वार्ध १८३४ मध्ये, उत्तरार्ध १८४६ मध्ये, दुसरा खंड १८५० मध्ये. घेणाऱ्याने हे तिन्ही भाग आहेत ना, ते तपासावं. वाचायला मात्र हे पुस्तक फार गोड आहे. सुलतान चौथ्या मुरादसमोरून निघालेली इस्तंबूलच्या कारागिरांची मिरवणूक यातच आहे. कोणता धंदा कोणाच्या पुढे चालणार यावरून जुंपलेले वादही एव्लियाने मन लावून टिपले आहेत.

इस्तंबूलची आवृत्ती अहमद जेवदेत यांच्या इक्दाम छापखान्याची, अरबी लिपीतल्या ऑटोमन तुर्कीत. तिच्यावर साल १३१४ दिसेल. ते हिजरी आहे, म्हणजे आपलं १८९६. जुन्या मराठी पुस्तकांवरचा शक इसवीत बदलून घेण्याची सवय असलेल्यांना हे लगेच कळेल. पहिले सहा खंड काही वर्षांत निघाले, पण सुलतान अब्दुलहमीदच्या काळातल्या सेन्सॉरने त्यांतला बराच मजकूर कापला. सातवा-आठवा खंड थेट १९२८ मध्ये आला. त्याच वर्षी तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली, म्हणून नववा (१९३५) आणि दहावा (१९३८) त्या लिपीत आहेत. पूर्ण संच जुळवला तर एकाच ग्रंथाला दोन लिप्या!

१८४३ मध्ये इस्तंबूलला छापलेलं ‘मुन्तेहबात’ हे या दोन्हींहून निराळं. त्यात नुसते वेचे आहेत.

‘पहिली’ हा मान मी इस्तंबूलच्या आवृत्तीला देईन. कात्री लागली तरी तिच्यात एव्लियाची स्वतःची भाषा आहे, यमक जुळवत धावणारी त्याची वाक्यं आहेत. हामर तिच्याहून ६२ वर्षं जुना असला तरी त्याच्याकडे मुळातला जेमतेम पाचवा हिस्सा आहे. अभ्यासासाठी मात्र ही दोन्ही पुस्तकं बाजूला सारून, मुख्यतः तोपकापी राजवाड्यातल्या हस्तलिखितांवरून १९९६ पासून इस्तंबूलमध्ये निघालेले दहा खंड घ्यावेत. कापलेला मजकूर त्यांत परत आला आहे.