टोमॅटोच्या सॉससोबत बार्बेराच का?

इटलीच्या वायव्येला पीडमाँट प्रांत आहे. जगभरात नावाजलेली बरोलो ही रेड वाईन तिथलीच. पण त्या टेकड्यांवरच्या घरांमध्ये रोजच्या जेवणासोबत पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली ती बार्बेरा, नाहीतर डोलचेत्तो, या तिथल्याच साध्या रेड वाईन. बरोलो राखून ठेवायची सणासुदीसाठी. यात पैशांचा हिशेब आहेच. तरीही साध्या दिवशी रात्री ताटात पास्ता, टोमॅटोचा सॉस आणि वर किसलेलं चीज एवढंच असेल, तर बार्बेरा ही बरोलोपेक्षा सरस निवड आहे असं मी ठामपणे म्हणेन. त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे.

आधी तुरटपणाचं बघू. रेड वाईन करताना द्राक्षाचा रस साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे त्यांतली टॅनिन्स ही तुरट द्रव्यं रसात उतरतात. आपल्या लाळेत प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली काही प्रथिनं असतात. तोंड ओलसर आणि गुळगुळीत राहायला त्यांची मदत होते. टॅनिन नेमकं याच प्रथिनांना चिकटतं आणि त्यांच्या गुठळ्या होतात. वंगण गेलं की जीभ गालाला घासते, हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. म्हणजे तुरटपणा हा बराचसा स्पर्शाचा अनुभव आहे. फार उकळलेला कोरा चहा असाच लागतो आणि दूध घातलं की मवाळ होतो, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन त्या टॅनिनला आधीच गाठतं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या मांसाचा रस्सा असेल तर त्यातली प्रथिनं आणि चरबीही असंच काम करतात, म्हणून बरोलो तिथे शोभते. टोमॅटोच्या सॉसमध्ये टॅनिनला धरून ठेवणारं फारसं काही नसतं. उलट टोमॅटोत आणि पार्मेजानो चीजमध्ये रुचकर चव देणारं ग्लुटामेट मुबलक असतं, आणि त्याच्यासोबत टॅनिनचा कडवटपणा जास्त टोचतो.

आता आंबटपणा. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टरिक, म्हणजे आपल्या चिंचेतलंच. टोमॅटोत सायट्रिक आणि मॅलिक आम्ल असतं. घासातला आंबटपणा वाईनपेक्षा वरचढ ठरला, की मागून घेतलेला घोट बेचव आणि पाणचट लागतो. म्हणून आंबट जेवणाला आंबटपणात तोडीस तोड वाईन लागते. बहुतेक द्राक्षं पूर्ण पिकली की त्यांतलं आम्ल बरंच उतरतं. बार्बेराचं द्राक्ष मात्र उन्हात भरपूर साखर धरूनही आम्ल सोडत नाही, आणि त्यात टॅनिन मुळातच कमी. टोमॅटोला हवं ते सगळं एका द्राक्षात जमून आलं आहे.

इथे रंगावर जाऊ नका. बार्बेराचा रंग गडद, जवळजवळ जांभळा असतो. त्यामुळे पुष्कळांना ती जड आणि तुरट असेल असं वाटतं. बरोलो नेब्बिओलो द्राक्षाची करतात. तिचा रंग फिका, विटकरीकडे झुकणारा, पण घोट घेतला तर तोंड कोरडं पडतं. रंग अँथोसायनिन्स या रंगद्रव्यांचा असतो आणि तुरटपणा टॅनिनचा. दोन्ही सालीतून येतात, पण त्यांचं प्रमाण एकमेकांवर अवलंबून नसतं.

किमतीतल्या फरकाची कारणं मात्र चवीच्या बाहेर आहेत. बरोलोला विक्रीआधी किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात. इतके दिवस मालात पैसा अडकतो. शिवाय दक्षिणेकडे तोंड असलेले उत्तम उतार तिथे नेब्बिओलोला दिले जातात आणि बार्बेरा उरलेल्या उतारांवर वाढते. इटलीत चांगली बार्बेरा दास्ती, म्हणजे आस्ती भागातली बार्बेरा, दहा युरोंच्या आत मिळते. किंमत चवीवर कशी स्वार होते, हे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वीस जणांना एकच वाईन कधी कमी, कधी जास्त किंमत सांगून दिली. महागडा आकडा ऐकल्यावर ती अधिक आवडल्याचं त्यांनी सांगितलंच, पण सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही खरोखर वाढलेली दिसली.

स्वस्त बार्बेराच्या इतिहासात एक काळं पान आहे, ते वगळता येत नाही. इटलीत काही उत्पादकांनी हलक्या वाईनमध्ये अल्कोहोलचं प्रमाण वाढवायला मिथेनॉल मिसळल्याचं मार्च 1986 मध्ये उघड झालं. त्यात वीसहून अधिक माणसं दगावली. यकृतात मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. ते दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करतं आणि रक्ताची आम्लता जीवघेणी वाढवतं. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभरावर जीव घेणारं विष हेच. 1986 च्या घटनेनंतर इटलीत तपासण्या कडक झाल्या. आज बाटलीच्या मानेवर डीओसीजी (इटलीतल्या वाईनचा सर्वोच्च सरकारी दर्जा) लिहिलेली क्रमांकाची पट्टी दिसते, त्यावरून ती बाटली कुठली ते शोधता येतं. बार्बेरा दास्तीला हा दर्जा 2008 साली मिळाला.

लेबलावर ‘सुपिरिओरे’ असेल तर ती वाईन लाकडात मुरलेली असते. ओकच्या पिंपातून तिच्यात थोडं टॅनिन उतरतं. टोमॅटोसाठी साधी बार्बेराच घ्यावी. सॉस अराबियातासारखा तिखट असेल तर अल्कोहोलचा आकडाही बघा. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोल अधिक हळवं करतं, म्हणून साडेचौदा टक्क्यांपेक्षा तेरा टक्क्यांची बाटली बरी. बार्बेरा नाही मिळाली तर साधी किआंती चालेल. तिच्यात निदान 70 टक्के सांजोवेझे द्राक्ष असतं आणि त्यातही आम्ल चांगलं असतं. मोंतेपुल्चानो द’अब्रुत्झो थोडी अधिक भरदार, पण लसान्यासोबत छान. नावात साम्य असलं तरी ‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ ही वेगळी वाईन आहे, तस्कनीतल्या मोंतेपुल्चानो गावाची आणि महाग.

भारतात आयात शुल्कामुळे इटलीतली स्वस्त बाटली स्वस्त राहत नाही. पण सांजोवेझे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही पिकतं आणि फ्रातेल्ली त्याची वाईन करते. इथल्या टोमॅटोच्या पास्त्यासोबत ती जरूर घेऊन बघा.

रेड वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. तीस अंशांना अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते आणि फळाचा वास मागे पडतो. बार्बेरा पंधरा अंशांच्या आसपास उत्तम लागते, म्हणून बाटली आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. उरलेली वाईन बूच लावून पुन्हा फ्रिजमध्येच ठेवावी. थंडीत ऑक्सिजनची रासायनिक क्रिया आणि वाईनचं व्हिनेगर करणारे जिवाणू, दोन्ही मंदावतात, आणि दोन-तीन दिवस ती चांगली राहते. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाचं पोटॅशियम क्षार आहे, अपायकारक नाही. शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.