प्रोस्टेटचा एमआरआय आणि ‘किरणां’ची भीती

‘प्रोस्टेटचा एमआरआय करू नका, त्याच्या किरणांनी कॅन्सर वाढतो,’ असा मेसेज फिरत असतो. (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी.) भीती समजण्यासारखी आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय सगळं बहुधा एकाच विभागात होतं. पण एमआरआय चालतो चुंबक आणि रेडिओलहरींवर. त्यात क्ष-किरण नसतातच. पडताळायचं तर खोलीच्या दारावरची पाटी वाचा: तिथे इशारा चुंबकाचा असतो. म्हणूनच आत सोडण्याआधी पेसमेकर आहे का, अंगात कुठे धातू बसवलाय का, हे विचारतात. सीटी आणि पेट स्कॅनमध्ये मात्र किरणोत्सर्ग असतो. गरज असेल तरच ते सांगितले जातात.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पाय-रॅड्स’चा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे सांगणाऱ्या मोजपट्टीचा, १ ते ५ मधला आकडा सापडेल. १ म्हणजे संशय अगदी कमी, ५ म्हणजे खूप. बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी बारीक तुकडा काढायची, सुई नेमकी कुठे न्यायची, हेही त्या चित्रांवरून ठरतं. पक्कं निदान मात्र बायोप्सीच करते.