पन्नास गोळ्यांची चिठ्ठी

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या रुग्णाला घरी सोडताना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१६ पर्यंत साधारणपणे हायड्रोकोडोनच्या ५० गोळ्यांइतके वेदनाशामक लिहून दिले जात असे. हायड्रोकोडोन हे ओपिऑइड वर्गातले, म्हणजे अफूतील मॉर्फिनच्या जातकुळीचे औषध आहे. यांपैकी किती गोळ्या प्रत्यक्षात घेतल्या, असे तेथील संशोधकांनी रुग्णांना विचारले, तेव्हा उत्तरांचा मध्यक निघाला अवघा ६. उरलेल्या ४४ गोळ्या घरातच, औषधांच्या कपाटात पडून राहत. अमेरिकेत अशा गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या कोणा विक्रेत्याकडून नव्हे, तर नातेवाइकांकडून किंवा मित्रांकडूनच मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कपाटाचे महत्त्व कळते.

धोका खुद्द रुग्णालाही असतो. त्याच विद्यापीठातील चॅड ब्रमेट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३६,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पूर्वी ओपिऑइड न घेणाऱ्या या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के जण शस्त्रक्रियेला तीन महिने उलटून गेल्यावरही ती औषधे विकत घेत होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होते. शस्त्रक्रिया लहान होती की मोठी, याने फारसा फरक पडला नाही. जखम भरली तरी गोळी सुटत नसेल, तर कारण निव्वळ जखमेत शोधून चालणार नाही, हे उघड आहे.

मग डॉक्टर इतक्या गोळ्या लिहीत तरी का होते? रुग्ण कळवळू नये आणि रात्री-अपरात्री फोन येऊ नये, एवढाच त्यामागचा साधा हिशेब असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हायड्रोकोडोनवरील निर्बंध कडक झाले आणि फोनवरून पुन्हा औषध लिहून देण्याची सोय बंद झाली, तेव्हा मिशिगनमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चिठ्ठीतील गोळ्या कमी होण्याऐवजी वाढल्या. नियम करणाऱ्यांनी हा मनुष्यस्वभाव गृहीत धरला नसावा.

म्हणून संशोधकांनी रुग्णांच्या उत्तरांवरूनच पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी १५ गोळ्यांची मर्यादा सुचवली. चिठ्ठ्या तिथवर खाली आल्या, पण पुन्हा औषध मागणारे वाढले नाहीत आणि वेदनेच्या नोंदींतही फरक दिसला नाही. याहून रंजक गोष्ट अशी की, रुग्ण प्रत्यक्षात घेत असलेल्या गोळ्याही ६ वरून ४ वर आल्या. पुढे राज्यातील ३३ रुग्णालयांच्या पाहणीत, चिठ्ठीत एक गोळी वाढली की रुग्ण सरासरी अर्धी गोळी जास्त घेतो, असे आढळले. ताटात जास्त वाढले की आपण दोन घास जास्त जेवतो, तसाच हा प्रकार आहे. पन्नास गोळ्यांची बाटली हातात आली की, दुखणेही त्याच मापाचे असणार, असा रुग्णाचा समज होत असावा.

आपल्याकडे याच शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक घेऊन घरी जातो, त्यामुळे पन्नासचा आकडा ऐकून मराठी वाचकाला नवल वाटेल. मिशिगनमध्येही आता आधी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ठरलेल्या वेळी घ्यायला सांगतात, थोडे दुखणारच याची पूर्वकल्पना देतात, आणि पित्ताशयासाठी सुचवलेल्या ओपिऑइड गोळ्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते.