लाओस : परवानगी घेऊन केलेल्या समाजकार्याची गोष्ट

लाओसमधल्या सामाजिक कार्यकर्त्यांविषयी काही छापून आलं, की त्यात सोम्बाथ सोम्फोन हे नाव कुठे ना कुठे येतंच. १५ डिसेंबर २०१२ रोजी राजधानी व्हिएन्टिएनमधून हा माणूस नाहीसा झाला, तो आजतागायत. पण या प्रकरणाची सुरुवात त्या संध्याकाळपासून धरली, तर काहीच उलगडत नाही. सोम्बाथ कुठल्या विरोधी गटात नव्हते, मोर्चे-घोषणा हा त्यांचा पिंड नव्हता. सरकारी खात्याची रीतसर मंजुरी घेऊन ते काम करत होते. मग अशा माणसाचीही अडचण का व्हावी? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, तेही युद्ध जाहीर न करता. क्लस्टर बॉम्बमधून सुमारे २७ कोटी छोटे गोळे जमिनीवर विखुरले आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. चेंडूएवढ्या या गोळ्याला तिथले लोक ‘बॉम्बी’ म्हणतात. शेत खणताना कुदळीखाली, चूल पेटवली तर खालच्या मातीत, असा तो अजूनही फुटतो. लढाई संपल्यानंतर अशा स्फोटांत मेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांचा आकडा वीस हजारांवर गेला आहे.

२ डिसेंबर १९७५ रोजी राजेशाही संपली आणि एकपक्षीय साम्यवादी राजवट आली. पुढच्या काही वर्षांत देशातली जवळपास दहावा हिस्सा माणसं मेकाँग ओलांडून पलीकडे थायलंडात गेली. त्यांत अधिकारी, डॉक्टर, शिक्षक असे शिकलेले लोक पुष्कळ. उरलेल्यांसाठी पक्षाच्याच संघटना होत्या : महिलांची वेगळी, तरुणांची वेगळी, कामगारांची वेगळी. त्यांच्याबाहेर चार माणसांनी जमून स्वतःची संस्था नोंदवावी, अशी सोय २००९ च्या हुकमापर्यंत नव्हतीच. उघडपणे बोलून बघणाऱ्यांचं काय झालं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. १९९० मध्ये बहुपक्षीय व्यवस्था मागणाऱ्या तीन वरिष्ठ सरकारी माणसांना पकडून पुढे चौदा-चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्यांतले एक, थोंगसूक सायसंगखी, १९९८ मध्ये कैदेतच वारले. ऑक्टोबर १९९९ मध्ये काही विद्यार्थ्यांनी राजधानीत फलक घेऊन उभं राहायचा प्रयत्न केला, त्यांनाही वर्षानुवर्षांची कैद झाली.

सोम्बाथ यांचा मार्ग या सगळ्याच्या कडेकडेने जाणारा होता. १९५२ साली खम्मुआन प्रांतातल्या गरीब शेतकरी घरात जन्म, आठ भावंडांत थोरले. शाळकरी वयात विद्यार्थी-देवाणघेवाणीतून अमेरिकेला गेले, पुढे हवाई विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि शेती शिकले. सत्तांतरानंतर देश सोडणाऱ्यांची रीघ लागलेली असताना हा गृहस्थ उलट परत आला. भातशेतीला मासे, भाजीपाला, जनावरं यांची जोड कशी द्यायची, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९९६ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या परवानगीने त्यांनी ‘पॅडेटेक’ हे लोकसहभागी विकासाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. संस्था काढता येत नव्हती, प्रशिक्षण केंद्र चालत होतं. माझ्या मते त्यांच्या कामाची सगळी हुशारी या एका गोष्टीत आहे.

केंद्रात शिकवलं जाई ते वरवर अगदी बिनधोक : सेंद्रिय खत, कमी सरपणात चालणारी चूल, पावसाचं पाणी साठवायचे मोठे रांजण, मासे पाळणं, कचऱ्याचा पुनर्वापर. शिकणारे बहुतेक तरुण स्वयंसेवक, त्यांच्या जोडीला गावपातळीवरचे सरकारी कर्मचारीही. पण ही मुलं गावात गेली, की आधी लोकांना विचारत आणि मग ऐकून घेत. जिथे आदेश वरून खाली येतात, तिथे ही सवयच नवी होती. २००५ मध्ये त्यांना सामुदायिक नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच विभागात १९५८ मध्ये विनोबा, १९७९ मध्ये जामखेडचे आरोळे दांपत्य आणि २००८ मध्ये हेमलकशाचे प्रकाश व मंदाकिनी आमटे यांचा गौरव झाला, म्हणजे आपल्याकडच्या वाचकाला ही जातकुळी अनोळखी नाही.

दरम्यान देश बदलत होता. १९८६ पासून बाजाराला दारं उघडली गेली होती. शेजारी देशांना वीज विकून ‘आग्नेय आशियाची बॅटरी’ व्हायचं म्हणून नद्यांवर धरणं, डोंगरउतारांवर रबर, शिवाय खाणी. यातलं प्रत्येक काम जमिनीवर उभं राहतं आणि जमीन कुणीतरी कसत असतं. चुलीपासून सुरू झालेली चर्चा जमिनीपर्यंत येणार, हे ओघानेच आलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये व्हिएन्टिएनला आशिया-युरोप लोकमंच, म्हणजे दोन्ही खंडांतल्या सामाजिक संस्थांचा मेळावा, भरला. सोम्बाथ त्याच्या राष्ट्रीय आयोजन समितीचे सहअध्यक्ष होते. आधी प्रांतोप्रांती बैठका घेऊन लोकांना काय हवंय ते विचारलं गेलं होतं. मंचावर जमिनीचा विषय निघाला आणि अधिकाऱ्यांचा सूर बदलला. डिसेंबर उजाडताच हेल्व्हेतास या स्विस संस्थेच्या लाओसमधल्या संचालिकेला ४८ तासांत देश सोडायला सांगण्यात आलं. त्यांचा गुन्हा म्हणजे मोकळ्या चर्चेला इथे जागा नाही, असं लिहिलेलं एक पत्र.

त्यानंतर आठवडाभराने तो शनिवार आला. सोम्बाथ आपल्या जीपमधून घरी निघाले होते, पत्नी इंग श्वी मेंग पुढच्या गाडीत होत्या. त्या घरी पोचल्या, जीप आली नाही. दोन दिवसांनी त्या पोलिसांकडे गेल्या आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवायची विनंती केली. आश्चर्य म्हणजे पोलिसांनी ते दाखवलं आणि पडद्यावरून ते मोबाइलवर टिपून घेता आलं. पोलीस चौकीपाशी जीप थांबवलेली दिसते. सोम्बाथ उतरून चौकीकडे जातात. मोटरसायकलवरून एक जण येतो, मोटरसायकल तिथेच ठेवतो आणि त्यांची जीप घेऊन निघून जातो. मग लुकलुकत्या दिव्यांचा एक पिकअप येतो, त्यात त्यांना बसवलं जातं, गाडी निघते. आजपर्यंतचा ठोस पुरावा एवढाच. ते चित्रण मोबाइलवर उतरलं नसतं, तर प्रकरण नुसत्या ‘बेपत्ता’ नोंदीवर मिटलं असतं.

जानेवारी २०१३ मध्ये सरकारने उत्तर दिलं : वैयक्तिक किंवा धंद्यातल्या वैरातून अपहरण झालेलं असू शकतं. मूळ चित्रण तपासायला तांत्रिक मदत देऊ, हा परदेशातून आलेला प्रस्ताव मान्य झाला नाही. राजधानीतले कार्यकर्ते त्यानंतर कमालीचे जपून वागू लागले. २०१९ मध्ये पूरग्रस्तांना मदत उशिरा पोचते, असं फेसबुकवर बोलणाऱ्या ‘मुआय’ या टोपणनावाच्या तरुणीला पाच वर्षांची शिक्षा झाली, तेव्हाही देशात जाहीर निषेध असा झाला नाही.

इंग श्वी मेंग मात्र दर डिसेंबरला तोच प्रश्न विचारत आल्या आहेत. माणसं सक्तीने गायब करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर लाओसने सप्टेंबर २००८ मध्येच, म्हणजे सोम्बाथ यांना उचललं गेलं त्याच्या चार वर्षं आधी, सही केली होती. सहीनंतरचं अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी, तेवढं राहिलं.