चकतीरूप मेनिस्कस

गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये बसणारी अर्धचंद्राकृती तंतुमय कूर्चा (मेनिस्कस) मधली जागा व्यापून जाड चकतीसारखी असण्याची विकृती. ती बहुतेक वेळा बाहेरच्या मेनिस्कसमध्ये आढळते, आतल्या मेनिस्कसमध्ये क्वचितच. जपान व कोरियात तिचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच अधिक दिसते.

यंग यांनी १८८९ मध्ये शवविच्छेदनातून तिचे पहिले वर्णन केले. उत्पत्तीबद्दल मात्र एकमत नाही. गर्भावस्थेत मेनिस्कस आधी चकतीच्या आकाराचा असतो, पुढे मधला भाग शोषला जातो आणि हे शोषण अपुरे राहिले की चकती उरते, असे स्मायली यांनी १९४८ मध्ये मांडले. कॅप्लन (१९५७) यांना गर्भविकासाच्या कोणत्याही टप्प्यावर चकती आढळली नाही. नडगीच्या हाडाशी मागची जोडणी नसल्याने मेनिस्कस रिसबर्ग अस्थिबंधाच्या (त्याला मांडीच्या हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याच्या) ओढीने सरकत राहतो व घर्षणाने जाड होतो, असे त्यांचे म्हणणे. क्लार्क व ऑग्डेन (१९८३) यांनाही गर्भात फार लवकर अर्धचंद्राकारच दिसला, त्यामुळे स्मायली यांचे मत मागे पडले. पण ज्यांची जोडणी शाबूत असते अशा चकत्यांचा उलगडा कॅप्लन यांच्या मतानेही होत नाही. म्हणून हा जन्मजात रचनाभेद मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकाच कुटुंबातील उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

निरोगी मेनिस्कसमधील कोलॅजन (तंतुमय प्रथिन) मुख्यतः पहिल्या प्रकारचे असते. त्याचे जाड जुडगे परिघाला समांतर धावतात व भार पडताच ताणले जाऊन तो पेलतात. आडवे तंतू त्यांना बांधून ठेवतात. चकतीरूप मेनिस्कसमध्ये तंतुकांची संख्या कमी व दिशा विस्कळीत आढळते, परिघीय जाळे तुटक असते. मधल्या थरात श्लेष्मल अपकर्ष (ऊती मऊ व बुळबुळीत होऊन ढासळणे) होतो, म्हणून आडवी चीर तिथेच पडते. रक्तपुरवठ्याचाही प्रश्न असतो. जन्मतः संपूर्ण मेनिस्कसमध्ये रक्तवाहिन्या असतात. दहाव्या वर्षापर्यंत त्या बाहेरच्या १० ते ३० टक्के भागापुरत्या उरतात. साहजिकच मध्यभागातील चीर सहसा भरून येत नाही.

वातानाबे यांच्या वर्गीकरणात पूर्ण (नडगीच्या हाडाचा त्या बाजूचा माथा सगळा झाकणारा), अपूर्ण (तो अंशतः झाकणारा) व रिसबर्ग (मागची जोडणी नसलेला) असे तीन प्रकार आहेत. लहान मुलात गुडघा वाकवता-सरळ करताना ‘कट्’ असा आवाज येतो; मोठ्या मुलांत वेदना, सूज, गुडघा अडकणे. एमआरआयमध्ये ५ मिमी जाडीच्या सलग तीन किंवा अधिक उभ्या छेदांत पुढचे व मागचे टोक जोडलेले दिसले, तर निदान जवळजवळ निश्चित मानतात. मात्र रिसबर्ग प्रकारात आकार सर्वसाधारण असू शकतो व निदान निसटते.

त्रास नसल्यास उपचार करत नाहीत. अन्यथा दुर्बिणीतून मधला भाग कोरून ६ ते ८ मिमी रुंदीची कड राखतात. ती हलत असल्यास टाके घालून संधिसंपुटाला (सांध्याभोवतीच्या आवरणाला) बांधतात. पूर्वी पूर्ण मेनिस्कस काढत; त्याने सांध्याची झीज अकाली सुरू होते.