वकिलीची नीती वर्गात आली ती कशी

मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. तिथे कायदा शिकवत. वकिली शिकायची ती सीनियरच्या चेंबरमध्ये. अशिलाशी कसं बोलावं, कोर्टापासून काय दडवू नये, हे ज्युनियर बघून बघून उचलत. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनेही सनदेआधी, म्हणजे वकिलीचा परवाना मिळण्याआधी, प्रशिक्षण आणि परीक्षेची अट ठेवली होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली.

त्याच सुमाराचं मुंबईचं एक प्रकरण आजही वर्गात शिकवतात. किल्ला कोर्टाच्या दाराशी काही वकील टपून असत. पक्षकार दिसला की त्याच्याकडे धाव, आपापसांत ओढाताण, फी पाडून काम पटकावणं, अशी तक्रार होती. राज्य बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, त्यांना दोषी धरलं, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्त समितीने सोडलं. समितीचं म्हणणं असं : वकिलाने काम मागत फिरू नये, असं सांगणारा नियम ३६ मोडायला तीन गोष्टी एकत्र हव्यात. काम मागितलेलं असावं, ते ठरावीक माणसाकडे, आणि तेही ठरावीक खटल्यासाठी. म्हणजे दिसेल त्याला गाठणारा निर्दोष!

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी हा अर्थ साफ फेटाळला. नियमाचे असे तुकडे पाडून हेतू हरवता येत नाही. शिवाय काम मागत फिरणं वकिलाला शोभत नाही, हे नियम लिहिला नसता तरी खरंच होतं. युक्तिवाद आणि नीती इथे एकाच निकालात गुंतले आहेत. कॉलेजांत मात्र कायद्याचा अर्थ लावणं हा एक पेपर आणि व्यावसायिक नीती हा दुसरा, ही वाटणी मला कधी पटलेली नाही.

चेंबरची शिस्त परत आणायचा प्रयत्न झाला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभराच्या प्रशिक्षणाचे नियम केले. कायद्याने कौन्सिलला तो अधिकारच दिलेला नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केले. मग भार पुन्हा वर्गावर आला. २००८ च्या शिक्षण नियमांत नीतीचा पेपर सक्तीचा आहे, आणि २०११ पासून वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा आहे. ती घटनापीठाने २०२३ मध्ये उचलून धरली. तिच्या १०० प्रश्नांत व्यावसायिक नीतीच्या वाट्याला जेमतेम ४ येतात.